गणपती गेले, रोपं टाकायला घ्या!

वसई-विरारकरांनो, आपल्याकडे भाजीचा खरा हंगाम आता सुरू होतो. मुसळधार ओसरलेली, जमिनीत ओल भरपूर.

वांगी, टोमॅटो, मिरचीचं बी आत्ताच टाका. २५-३० दिवसांत रोपं लावण्याजोगी होतात. पण गादीवाफा वीतभर उंच हवाच. हस्ताचा पाऊस अजून यायचाय! गेल्या वर्षी आळस करून सपाट वाफ्यात बी टाकलं, दोन दिवस पाणी साचलं आणि कोवळी रोपं मुळाशी सडून आडवी झाली. चूक माझीच.

अर्नाळा-भुईगावकडच्या रेताड जमिनीत पाणी चटकन निचरतं, पण खतही वाहून जातं. तिथे कुजलेलं शेणखत सढळ हाताने घाला.

मुळा, लाल माठ, मेथी, कोथिंबीर थेट पेरा. मुळ्याचं रोप उपटून दुसरीकडे लावलंत तर मुळा वाकडातिकडा होतो. धणे आख्खे नकोत, चपलेखाली रगडून दोन फाकी करा. मेथी महिन्याभरात, मुळा दीड महिन्यात ताटात.

वालाची मात्र घाई नको. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवरच तो पेरायचा.

कुणाकडे घरचं, गावठी वांग्याचं बी असेल तर कळवा. बदल्यात माठाचं देतो.