आनंदनगरचा डबा

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत कंटेनर भरायचा असला, की आधी एक कामगार रिकाम्या डब्यात शिरतो आणि बाहेरून दरवाजे लावले जातात. आत मिट्ट काळोख. छतातून सुईच्या अग्राएवढा उजेड आला, तरी डबा परत! तेवढ्या भोकातून शिरलेलं पाणी समुद्रात माल नासवायला पुरतं.

मी पाहिला तो माल म्हणजे रसायनाची 200 लिटरची पिंपं. पिंप कलतं करून तळाच्या काठावर फिरवत आत न्यायचं. एका ओळीत चार, अशा दहा ओळी. वर प्लायवूड, आणि त्यावर पुन्हा तेवढीच. वीस फुटी डब्यात 80 पिंपं बसतात, पण चारच्या ओळीत भिंतीशी जेमतेम नखभर फट उरते. पहिली ओळ तिरकी गेली की शेवटची मावत नाही. म्हणून पहिल्या ओळीला सगळ्यात जुना हात लागतो. दुपारी पत्रा तापतो, आत हवा हलत नाही, तरी कामगार पिंपाला धक्का लागू देत नाहीत. या कौशल्याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दाराशी माल अडवणारं लाकडाचं चोकिंग ठोकलं, फोटो निघाले, सील दाबलं. सीलचा नंबर मोठ्याने वाचून टिपला. वजनाचाही 1 जुलै 2016 पासून जगभरचा नियम आहे: पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय डबा जहाजावर चढत नाही.

पुढे काटई, शिळफाटा, कळंबोली आणि न्हावा शेवा. 1989 साली सुरू झालेल्या या बंदराने 2024-25 मध्ये सुमारे 73 लाख डबे हाताळले. मोजणीत वीस फुटी डबा एक, चाळीस फुटी दोन. शांघायने 2024 मध्ये पाच कोटींचा टप्पा ओलांडला, सिंगापूरने चार कोटींचा. पण सिंगापूरचा बहुतेक माल एका जहाजातून उतरून दुसऱ्यात चढतो, आणि उतरताना-चढताना असा दोनदा मोजला जातो. न्हावा शेव्याचे डबे मुख्यतः देशातल्याच कारखान्यांतून आणि गोदामांतून येतात, नाहीतर तिकडे जातात. या दोघांना एका यादीत वर-खाली लावणं मला पटत नाही.

शांघायशी तुलना मात्र करावी, आणि ती धक्क्यावरच्या क्रेनची नको, मागच्या वाटेची करावी. तिथे यांगत्सेच्या पात्रातून बार्ज भरभरून डबे येतात. आपले बहुतेक डबे ट्रेलरवर, शिळफाट्याच्या कोंडीतून. पालघर जिल्ह्यात वाढवणला सुमारे 20 मीटर नैसर्गिक खोलीचं बंदर होतं आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी त्याची पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. पण धक्का कितीही खोल झाला, तरी अंबरनाथ-बदलापूरच्या छोट्या कारखानदाराची धास्ती कट-ऑफची, म्हणजे गेट बंद होण्याच्या वेळेचीच राहील. ट्रेलर वाटेत अडकला, बंदराचं गेट बंद झालं, तर डबा पुढच्या जहाजाची वाट पाहतो. तेवढ्या दिवसांचं भाडं त्याच्या खिशातून जातं आणि परदेशातला गिऱ्हाईक फोनवर विचारत राहतो, माल निघाला का?