ईश्वराचे स्वरूप

पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके आहेत. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस रानाने झाकलेले डोंगर आणि किनाऱ्यालगत चिकूच्या दाट वाड्या, असा हा रम्य प्रदेश आहे. डहाणूजवळच्या मसोलीहून एखादा प्रवासी या मुलखात हिंडू लागला, तर त्याला उपासनेचे नाना प्रकार दिसतील. रानात वाघाची आकृती कोरलेल्या लाकडापुढे कोणी हात जोडतो. कोणी देवीच्या दर्शनाला डोंगराकडे जातो. कोणी अग्नीसमोर प्रार्थना करतो, तर कोणी मूर्ती नसलेल्या भिंतीकडे तोंड करून नमाज पढतो. केवळ वरवर पाहणारा म्हणेल, 'हा वाघाला भजतो, हा दगडाला, हा अग्नीला आणि हा भिंतीला!' परंतु लिफाफा पाहून पत्रातील मजकूर कळत नाही. उपासकाच्या मनात काय आहे, हे जाणल्यावाचून त्याचा ईश्वर समजत नाही.

या भागात वारली लोकांची वस्ती मोठी आहे. त्यांच्या घरी लग्न असले, म्हणजे सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. त्या चौकात पालघट देवीची आकृती असते. कणसरी ही त्यांची धान्याची देवता. वाघ्या देव रानाचा आणि गुराढोरांचा रखवालदार. वाघाची भीती वाटते म्हणूनच केवळ त्याला पुजतात असे नाही. माणसाप्रमाणे रानावर त्याचाही हक्क आहे, अशी ही भावना आहे. वारल्यांचे दैवत आकाशापलीकडे दूर राहत नाही. ते कणसात, मातीत आणि झाडापानांत नांदते.

डहाणू तालुक्यात विवळवेढे येथे महालक्ष्मीचे प्रसिद्ध देवस्थान आहे. चैत्री पौर्णिमेपासून तेथे मोठी यात्रा भरते. डोंगरपाड्यांवरचे आदिवासी आणि शहरांतील भाविक एकाच देवीपुढे नारळ वाढवतात. हिंदू धर्मात ईश्वराचा विचार दोन प्रकारे केलेला आढळतो. परमात्मा निर्गुण आहे, म्हणजे त्याला रूप नाही, रंग नाही, असे काही सांगतात. तोच भक्तासाठी सगुण होतो, म्हणजे रूप धारण करतो, असे इतर मानतात. महाराष्ट्रातील संतांनी या दोन्ही भावांना आपल्या अभंगांत स्थान दिले.

पारशी लोकांचा ईश्वर अहुर मज्द हा होय. तो ज्ञानमय व प्रकाशमय आहे, आणि अग्नी हे त्याच्या प्रकाशाचे व सत्याचे पवित्र प्रतीक आहे. पारशांच्या अग्निमंदिरात इतर धर्मीयांना प्रवेश नसतो. त्यामुळे हे लोक केवळ अग्नीलाच देव मानतात, असा गैरसमज पसरला. हा अग्नी त्यांना किती प्रिय आहे, हे याच मुलखातील एका कथेवरून कळते. इराण सोडून आलेल्या पारशांनी संजाण येथे आश्रय घेतला व तेथे पवित्र अग्नीची स्थापना केली. पुढे संजाणवर परचक्र आले. तेव्हा त्यांनी घरेदारे मागे टाकली, पण अग्नी विझू दिला नाही. तो घेऊन ते बहरोटच्या डोंगरातील गुहांत लपले आणि बारा वर्षे त्यांनी तो तेथे जतन केला, असे इ. स. १६०० च्या सुमारास रचलेल्या 'किस्से संजाण' या काव्यावरून समजते. हा अग्नी पुढे अनेक ठिकाणी फिरून १७४२ मध्ये गुजरातेतील उदवाडा येथे आला. तेथे तो आजही तेवत आहे. ज्यांनी भर रानात, संकटात, एक ज्योत एवढ्या निष्ठेने सांभाळली, त्यांना 'आग पुजणारे' म्हणून हसणे किती अन्यायाचे आहे!

मशिदीत मूर्ती किंवा चित्र नसते. भिंतीतील कोनाडा केवळ मक्केची दिशा दाखवतो. अल्ला एकच आहे, त्याला कोणी जन्म दिला नाही आणि त्याच्यासारखे दुसरे काही नाही. मग त्याचे चित्र कोण कसे काढणार? अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. कोकणातील बेने इस्रायल म्हणजे यहुदी लोकही एकाच निराकार ईश्वराची उपासना करीत आले. ते तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. याच जिल्ह्यातील वसईत पुष्कळ ख्रिस्ती लोक राहतात. ईश्वर एक असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्ती त्या एकाच ईश्वरात आहेत, आणि तो प्रेमळ पित्यासारखा आहे, असे ते मानतात.

सर्वच धर्म जगाचा निर्माता मानतात, असेही नाही. जैन मंदिरात तीर्थंकरांची मूर्ती असते; परंतु तीर्थंकर हे जग निर्माण करणारे देव नव्हेत. रागद्वेष जिंकून मुक्त झालेल्या त्या आत्म्यांचा आदर्श समोर राहावा, म्हणून जैन त्यांना वंदन करतात. भगवान बुद्धांनीही निर्मात्याची चर्चा बाजूस ठेवून दुःखाचे कारण आणि त्यातून सुटण्याचा मार्ग सांगितला. १९५६ मध्ये नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह हाच धर्म स्वीकारला.

ही सर्व मते एकच आहेत, असे म्हणणे सोपे असले तरी खरे नाही. एकाला मूर्तीत देव भेटतो, दुसऱ्याला मूर्ती नसण्यातच त्याची थोरवी दिसते. हे भेद खरे आहेत, आणि ते मोकळ्या मनाने समजून घेतले पाहिजेत. पण आचरणाकडे वळले, की ही माणसे एकमेकांच्या जवळ येतात. पारशी धर्म सद्विचार, सद्वचन व सत्कृत्य यांचा उपदेश करतो. इस्लाम जकातीच्या रूपाने गरिबाला वाटा द्यायला सांगतो. ख्रिस्ती धर्म शेजाऱ्यावर प्रेम करायला, तर जैन धर्म जिवाला न दुखवायला शिकवतो.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने प्रत्येकाला आपल्या श्रद्धेप्रमाणे उपासना करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. कायदा हे स्वातंत्र्य देऊ शकतो. पण शेजाऱ्याविषयीचा आदर कायद्याने उत्पन्न होत नाही. तो उत्पन्न होतो शेजाऱ्याजवळ बसून, 'तुमच्या या ज्योतीचा, या चौकाचा, या कोनाड्याचा अर्थ काय?' असे नम्रपणे विचारल्याने.