शेवटच्या वर्षाचा निकाल आणि घरांतील काळजी

जून-जुलैचे दिवस आले म्हणजे ज्या घरांत पदवीच्या शेवटच्या वर्षाचें मूल आहे, त्या घरांतील बोलणें एकाएकीं हलक्या आवाजांत होऊं लागतें. आजोबा वर्तमानपत्र वाचतां वाचतां चष्मा काढून "निकाल कधीं?" म्हणून विचारतात, काकू शेजारच्या मुलाला किती टक्के मिळाले तें कोणीं विचारलेलें नसतांहि सांगून जातात, आणि ज्याचा निकाल, तो हातांतल्या मोबाइलवर विद्यापीठाचें पान पुनःपुन्हा उघडून पाहत असतो. ही काळजी पोकळ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. गुणांचा नोकरीशीं संबंध आहेच. परंतु तो कोठें आहे व कोठें नाहीं, हें फारच थोड्या घरांत नीट पाहिलेलें असतें. त्यामुळें जेथें सावध व्हावयाचें तेथें कोणी होत नाहीं, आणि जेथें कारण नाहीं तेथें सारें घर झुरत राहतें.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, आणि १८६२ सालीं बी.ए.च्या पहिल्या परीक्षेंत चौघे जण उतरले. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर हे त्यांतलेच. त्या काळीं पदवी हीच एवढी दुर्मिळ होती कीं, तेवढ्यावर माणूस ओळखला जाई. आज पदवीधर घरोघर आहेत. नोकरी देणाऱ्यापुढें अर्जांचा ढीग पडतो, आणि तो कमी करण्याचें स्वस्त साधन म्हणून तो गुणांची एक रेघ ओढतो. ही रेघ कुंपणासारखी आहे. एकदां आंत आलें कीं, ६१ टक्केवाल्याला आणि ७९ टक्केवाल्याला बहुधा एकाच चाचणीला व एकाच मुलाखतीला बसावें लागतें.

हीं कुंपणें फार नाहींत. संगणक-कंपन्या महाविद्यालयांत येऊन जी मोठी भरती करतात, तींत ६० टक्क्यांची अट पुष्कळदां असते, आणि ती दहावी, बारावी व पदवी या तिहींना लागू असते. म्हणजे दहावींत जें झालें त्याची भरपाई शेवटच्या सहामाहींत होत नाहीं. प्राध्यापकीसाठीं पदव्युत्तर परीक्षेंत ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांस ५०. नव्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमांत संशोधनासह पदवी घेऊं इच्छिणाऱ्यांस पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. उलट, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस, तसेंच आपल्या राज्यसेवेस, पदवी एवढीच अट आहे, टक्क्यांची नाहीं. स्टेट बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसरची गोष्ट तीच. ज्याला कलेक्टर व्हावयाचें आहे, त्याच्या ५४ टक्क्यांवर घरांत सुतक पाळण्याचें वस्तुतः कांहींच कारण नाहीं.

खरी गफलत होते ती श्रेणीगुणांच्या हिशेबांत. हल्लीं निकालपत्रांत टक्क्यांऐवजीं सी.जी.पी.ए. येतो, आणि घरांतील कोणी तरी हुशार माणूस त्याला साडेनवांनीं गुणून मोकळा होतो. ती रीत सी.बी.एस.ई.च्या दहावीची, तीहि आतां गेलेली. तिच्या हिशेबानें ६.७५ म्हणजे ६४ टक्के भरतात. पण तंत्रशिक्षण परिषदेच्या कोष्टकाप्रमाणें ६.७५ म्हणजे बरोबर ६० टक्के होतात. ज्याला ६.६ मिळाले तो मुलगा घरच्या हिशेबानें कुंपणाच्या आंत आणि कंपनीच्या हिशेबानें बाहेर! तेव्हां आपल्याच विद्यापीठाचें सूत्र कोणतें, हें अर्ज भरण्यापूर्वीं निकालपत्राच्या पाठीमागें किंवा परीक्षा-विभागांत पाहून घ्यावें. आयबीपीएसच्या जाहिरातींत तर ५९.९९ हे ६०हून कमीच धरले जातील असें स्वच्छ छापलेलें असतें.

जो कुंपणाला असा चिकटून बाहेर राहिला, त्यानें रडत बसूं नये. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागावी व मग पुनर्मूल्यांकनाचा विचार करावा. परीक्षार्थीस तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं माहिती-अधिकाराच्या कायद्याखालीं दिलेला आहे. निकालहि ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावावा असें २०१६चा विद्यापीठ कायदा सांगतो. तरी २०१७ सालीं मुंबईंत संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याच्या घाईंत निकाल किती रखडले, तें पुष्कळ वाचकांस आठवत असेल. छायाप्रतीच्या अर्जाची मुदत मात्र थोड्या दिवसांची असते. घरांतील चर्चा संपेपर्यंत ती थांबत नाहीं.

अशा वेळीं वडीलधाऱ्यांस रामानुजनांची हटकून आठवण होते. ते १९०७ सालीं एफ.ए.च्या परीक्षेंत नापास झाले, पदवी त्यांना तेव्हां मिळाली नाहीं, आणि १९१२ सालीं मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्यें महिना तीस रुपयांवर ते कारकून झाले, हें सर्व खरें. परंतु ५२ टक्के मिळालेल्या मुलाला ही गोष्ट ऐकवली म्हणजे त्याचा दोनदां पराभव होतो: एकदां परीक्षेंत, आणि एकदां रामानुजनांपुढें.

आम्हांस अधिक खटकतें तें निराळेंच. एकाच घरांत चुलतभावाला ५७ टक्के पडले तर "एक वर्ष क्लास लावूं" असें ठरतें. चुलतबहिणीला तेच ५७ पडले तर कपाटांतून पत्रिका बाहेर निघते. गुण सारखे, पदवी सारखी, विद्यापीठहि तेंच; केवळ त्यांचा अर्थ बदलतो, आणि तो विद्यापीठानें लावलेला नसतो. त्या मुलीला राज्यसेवेचा अर्ज भरतां येतो, बँकेचा भरतां येतो. तिची पदवी तेथें पुरी पडते. अर्जाची फी आणि अभ्यासाला माडीवरची खोली, एवढें घरानें तिला वर्षभर द्यावें, आणि पत्रिका तोंवर कपाटांतच राहूं द्यावी.