जिन : औषधाच्या बाटलीतून दारूच्या बाटलीत

गेल्या पावसाळ्यात आमचे एक जुने पेशंट दवाखान्यात आले. वय साठीच्या पुढे, नोकरीतून निवृत्त, गावात मान असलेले गृहस्थ. आपण त्यांना अण्णा म्हणू. त्यांना मधुमेह आहे, गोळ्या नियमित चालू आहेत. दोन वर्षांपूर्वी मुतखड्याने बेजार झाले होते. या वेळची तक्रार निराळी होती. आठवड्यात दोनदा पहाटे दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरच्यांनी साखरेचे पाणी पाजल्यावर बरे वाटले.

"नवीन काही औषध सुरू केलंत का अण्णा?" मी विचारले.

अण्णा जरा हसले. "औषधच म्हणा डॉक्टरसाहेब. मुलानं गोव्याहून जिन आणली आहे. त्यात जुनिपर असतं, म्हणजे आपल्या आयुर्वेदातली हपुषा. रात्री जेवणाआधी दोन पेग घेतो. लघवी अगदी साफ होते, खड्याची भीती नाही. शिवाय पांढरी आहे, लिव्हरला हलकी. आणि सोड्यात नाही, टॉनिकमध्ये घेतो."

अण्णांच्या या पाच वाक्यांत जिनविषयीचे बहुतेक सगळे गैरसमज आले. ते अण्णांचे एकट्याचे नाहीत. हल्ली चांगल्या शिकलेल्या घरांतूनही ते ऐकू येतात. म्हणून त्यांच्या परवानगीने, नाव बदलून, हा लेख लिहीत आहे.

जन्म औषधाचाच

पहिली गोष्ट अण्णांच्या बाजूची सांगतो. जिनचा जन्म खरोखरच औषध म्हणून झाला. जुनिपर हे थंड प्रदेशातले सुईसारख्या पानांचे झुडूप. युरोपात ते सर्वत्र आढळते, आपल्याकडे हिमालयात. आयुर्वेदात हपुषा म्हणतात ते हेच. त्याला वाटाण्याएवढी निळसर काळी फळे येतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती फळे नव्हेत, देवदाराला येतात तशा शंकूंचाच तो मांसल प्रकार. युरोपातले जुने वैद्य पोटदुखीवर आणि लघवी साफ होण्यासाठी जुनिपर देत. प्लेगच्या साथीत जुनिपर जाळून घरात धूर करीत. ते दारूत उकळून देण्याचा उल्लेख तेराव्या शतकातल्या डच लिखाणात सापडतो.

पुढे हॉलंडमध्ये धान्याच्या दारूत जुनिपर घालून काढलेल्या अर्काला 'येनेव्हर' म्हणू लागले. लायडन विद्यापीठातले वैद्यकाचे प्राध्यापक सिल्वियस यांनी तो शोधला, असे अनेक पुस्तकांत छापलेले असते. ते खरे नाही. सिल्वियस यांचा जन्म १६१४ चा. इंग्लंडमध्ये १६२३ साली छापलेल्या एका नाटकात या पेयाचा उल्लेख आहे, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. हॉलंडमध्ये लढायला गेलेल्या इंग्रज सैनिकांनी हे पेय मायदेशी नेले, आणि नाव आखडून 'जिन' झाले.

ती बनते कशी?

आपल्या जिल्ह्यांत साखर कारखाना आणि त्याला लागून आसवनी हे दृश्य नवीन नाही. आपल्याकडची बरीचशी दारू मळीपासून सुरू होते, युरोपात ती बहुधा धान्यापासून. मळीत किंवा धान्याच्या आंबवणात यीस्ट घातले की ते साखर खाऊन अल्कोहोल तयार करते. हे आंबवण तापवले की अल्कोहोल ७८ अंशांना उकळते, पाणी १०० अंशांना. या फरकामुळे अल्कोहोलची वाफ आधी वेगळी काढता येते. एनियास कॉफी यांनी १८३० साली सतत चालणाऱ्या उंच मनोऱ्याच्या भट्टीचे पेटंट घेतले. पुढे अशा भट्ट्यांतून जवळजवळ ९६ टक्के शुद्ध, बेचव मद्यार्क मिळू लागला. तोवरच्या जिनमध्ये वाईट वास झाकण्यासाठी साखर घालीत. शुद्ध मद्यार्क मिळाल्यावर तिची गरज उरली नाही आणि बिनसाखरेची 'लंडन ड्राय' जिन आली.

या मद्यार्कात पाणी घालून, त्यात जुनिपर आणि इतर मसाले भिजवून, तांब्याच्या भांड्यात तो पुन्हा तापवतात. काही ठिकाणी मसाले जाळीच्या टोपलीत टांगून त्यांतून वाफ नेतात. आपल्याकडे गुलाबपाणी काढतात तेच हे तत्त्व. सुरुवातीला आणि शेवटी येणारा भाग बाजूला काढून मधला तेवढा ठेवतात आणि पाणी घालून बाटलीत भरतात.

आणि हे मसाले कोणते? वाचक भगिनींना गंमत वाटेल. जुनिपरच्या खालोखाल महत्त्व आहे धण्यांना! शिवाय लिंबाची आणि संत्र्याची साल, दालचिनी, वेलदोडा, ज्येष्ठमध, बदाम आणि एक-दोन सुगंधी मुळे. म्हणजे जुनिपर सोडले तर निम्मी जिन आपल्या मिसळणाच्या डब्यातच आहे. गोव्यात २०१७ पासून नव्या जिन बनू लागल्या. त्यांना कच्चा माल शोधायला फार लांब जावे लागले नसेल.

मात्र सगळीच जिन अशी बनत नाही. साध्या मद्यार्कात जुनिपरचा तयार अर्क ढवळला तरी जिन होते. हे लक्षात ठेवावे, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

लंडनचा धडा

औषध म्हणून आलेल्या या पेयाने पुढे काय केले? १६९० साली इंग्लंडच्या पार्लमेंटने धान्यापासून दारू गाळण्यास मोकळीक दिली. फ्रान्सची ब्रँडी अडवावी आणि जमीनदारांचे धान्य खपावे, हा हेतू. तीस वर्षांत लंडनच्या गरीब वस्त्यांत घरोघरी जिनचे गुत्ते झाले. १७२६ साली तिथल्या डॉक्टरांच्या कॉलेजने पार्लमेंटकडे अर्ज केला, की या दारूपायी दुबळी, रोगट मुले जन्माला येत आहेत. १७३४ साली ज्युडिथ डफोर नावाच्या बाईने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा आवळला. मुलीच्या अंगावर गरिबांच्या आश्रयगृहाने (वर्कहाउसने) दिलेले नवे कपडे होते. ते विकून तिने जिन घेतली.

१७३६ च्या कायद्याने परवान्याची फी पन्नास पौंड केली. परवाने फारसे कुणी घेतले नाहीत, चोरटी विक्री वाढली. १७५१ च्या कायद्यानंतर आणि धान्य महागल्यावर ही लाट ओसरली. त्याच साली चित्रकार होगार्थने 'जिन लेन' हे चित्र काढले. त्यात पायरीवर बसलेल्या झिंगलेल्या आईच्या हातून मूल खाली पडत आहे. व्यसनमुक्तीवर बोलणाऱ्यांनी ते एकदा जरूर पाहावे.

त्या काळी महाग जुनिपरऐवजी टर्पेंटाइन घालीत. गिऱ्हाइकाला वासावरून फरक कळत नसे. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात कारखान्यातल्या मद्यार्कात जुनिपरचा अर्क मिसळून घरोघरी जिन बनवली गेली आणि त्यातून लोक आंधळे झाले, मेले. मिथेनॉल या विषाला रंग नसतो आणि चवीवरून ते ओळखू येत नाही. आपल्याकडे जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली, ती जिनने नव्हे, गावठी दारूने. पण विष हेच होते. असली दारू प्यायल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, पोटात दुखून उलट्या होतात, धाप लागते, डोळ्यांपुढे धुके येते. अशा वेळी उतरेल म्हणून झोपवून ठेवू नका. तासाभराच्या उशिराने दृष्टी जाते. थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि काय प्यायले ते लपवू नका.

आता अण्णांची पाच वाक्ये

एक, हपुषा. बाटलीत उतरते ती जुनिपरची वासापुरती तेले. औषधाची मात्रा म्हणावी इतके त्यात काही नसते. उलट जुनिपरचे तेल जास्त प्रमाणात पोटात गेले तर मूत्रपिंडाला इजा करते, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ते औषध म्हणूनही घेऊ नये.

दोन, लघवी साफ होते. होते खरी, पण ती अल्कोहोलमुळे. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी लघवी आवरणारा एक हॉर्मोन सोडते. अल्कोहोल त्याला दाबते. मग शरीराला हवे असलेले पाणीही बाहेर जाते. पहाटे घसा कोरडा पडतो तो यामुळे, आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात खडा धरायला सोपे जाते.

तीन, पांढरी म्हणून हलकी. व्हिस्कीचा रंग लाकडी पिंपातून येतो. लिव्हरला रंग दिसत नाही, त्याला अल्कोहोल मोडावे लागते. आपल्याकडच्या जिनमध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. साठ मिलिलिटरच्या एका पेगमध्ये ते वीस ग्रॅम होते. ते मोडायला लिव्हरला दोन-तीन तास लागतात. अल्कोहोलमुळे कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९८८ सालीच नमूद केले. दारूची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले.

चार, टॉनिक. इथे 'टॉनिक' म्हणजे ताकदीचे औषध नव्हे. जुन्या लोकांना आठवणारे कडू कोयनेल म्हणजे क्विनाईन या पाण्यात असते. हिवतापाच्या प्रदेशात इंग्रज ते घेत. अमेरिकेत आज एका लिटरमागे जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम कोयनेल चालते. हिवताप झालेल्या मोठ्या माणसाला ते दिवसाला १८०० मिलिग्रॅम लागे. म्हणजे रोज वीस लिटरहून अधिक टॉनिक! साध्या टॉनिकमध्ये साखर मात्र सरबतासारखी असते.

पाच, 'जेवणाआधी'. अण्णांच्या पहाटेच्या घामाचे मूळ इथे होते. रात्री पोटात अन्न नसते तेव्हा लिव्हर आपल्याकडची साखर रक्तात सोडते, नवीन तयारही करते. अल्कोहोल मोडण्यात गुंतलेले लिव्हर नवी साखर करीत नाही. त्यात अण्णांची गोळी साखर उतरवणारी, आणि दोन पेगनंतर जेवण अर्धे. टॉनिकमधली साखर पहाटेपर्यंत पुरत नाही. झोपेत साखर फार उतरली तर माणूस बेशुद्ध होतो, आणि तोंडाला वास असल्याने घरचे समजतात की 'झाली जास्त'. असे मृत्यू झालेले आहेत.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. मधुमेहाच्या गोळ्या, इन्शुलिन, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर आपण दारू घेतो का, किती घेतो, हे डॉक्टरांना खरे सांगा. आम्ही न्याय करायला बसलेलो नाही, डोस ठरवायला बसलेलो आहोत. वर्षानुवर्षे रोज भरपूर घेणाऱ्याने मात्र एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. मुतखडा होऊन गेला असेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या. त्यात लिंबू पिळा, साखर नको. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या विकारात पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

अण्णांनी जिन बंद केली, मी त्यांची गोळी बदलली. पहाटेचा घाम थांबला. परवा आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मसाले तर घरातलेच होते, मग धण्याचं पाणी पिऊ का?"

"खुशाल प्या," मी म्हटले, "त्यात फक्त धणे आणि पाणीच असू द्या."