राखणदार दिवा : दिवाळीत एकदा, होळीला एकदा



माणूस जवळ आला की आपोआप लागणारे आणि थोड्या वेळाने आपोआप विझणारे दिवे आता निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या मळ्यांतल्या वस्त्यांवर दिसू लागले आहेत. उसाच्या फडात बिबट्या वावरतो, तेव्हा अशा दिव्याचे महत्त्व तुम्हांला सांगायला नको. पण हा दिवा थंडीत रात्रभर उगाच लागतो आणि उन्हाळ्यात माणूस समोर आला तरी लागत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. बहुतेक वेळा दिवा बिघडलेला नसतो. ऋतू बदलला तरी त्याची मांडणी आपण बदललेली नसते.

या दिव्याच्या डोळ्याला माणूस दिसत नाही; हलणारी ऊब दिसते. आपल्या अंगाचे तापमान ३७ अंशांच्या आसपास. कडाक्याच्या थंडीत निफाडला पारा दहाच्या खाली जातो. तेव्हा कुत्र्या-मांजराची ऊबही लांबून उठून दिसते आणि दिवा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे सरकतो, ओटा-भिंती तापलेल्या असतात. अंगाची ऊब आणि भोवतालची ऊब सारखीच झाली, की डोळा फसतो.

दिव्याला बहुधा दोन-तीन लहान खुंट्या असतात. मोबाइलवर चालणाऱ्या दिव्यात हीच सोय ॲपमध्ये असते. 'सेन्स' म्हणजे डोळ्याची तीक्ष्णता : थंडीत कमी करा, उन्हाळ्यात वाढवा. 'टाइम' म्हणजे दिवा किती वेळ जळावा : अंगणाला एक-दोन मिनिटे पुरतात. 'लक्स' म्हणजे किती अंधार पडल्यावर काम सुरू व्हावे : ती अशी लावा, की तिन्हीसांजेला दिवा जागा होईल. खुंटी फिरवली की घरातल्या एकाने रस्त्यावरून चालून पाहावे, दुसऱ्याने दिवा कुठे लागतो ते पाहावे.

जागाही नीट निवडा. दिवा सात-आठ फूट उंचीवर असावा. माणूस थेट त्याच्याकडे चालत येण्यापेक्षा त्याच्या समोरून आडवा गेला, तर डोळ्याला लवकर कळते. तोंड चुलीकडे किंवा हलणाऱ्या फांद्यांकडे नको. गोठ्यात बांधलेल्या जनावरांवरही नको, नाहीतर गाय हलली की दिवा लागेल. ते गोठ्याच्या वाटेकडे ठेवा. द्राक्षबागेच्या फवारणीचा थर, धूळ आणि कोळ्याची जाळी डोळ्यावर बसते. ओल्या मऊ फडक्याने पुसा. सौर दिवा असेल तर पत्राही पुसा आणि त्याचे तोंड दक्षिणेकडे ठेवा. घरच्या विजेवरचा दिवा असेल, तर हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करा.

बचतही पाहा. दहा वॅटचा दिवा रात्री दहा तास जळाला, तर महिन्याला तीन युनिटे होतात. एकूण तासभरच जळला, तर युनिटाचा तिसरा हिस्सासुद्धा होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. सापाचे रक्त थंड. मण्यार किंवा घोणस अंगणातून सरपटत गेली, तर या दिव्याला बहुधा कळत नाही. तो तुमच्या पावलांनी लागतो, सापाच्या येण्याने नाही. म्हणून दिवा असला तरी रात्री हातात बॅटरी आणि पायांत बूट हवेतच. साप चावला, तर वेळ न दवडता सरकारी दवाखाना गाठा.

बिबट्याचेही तसेच. दिवा म्हणजे कुंपण नव्हे, आणि रोजच्या उजेडाला जनावर सरावते. गोठा चारी बाजूंनी आणि वरूनही बंद हवा, दाराला कडी हवी. अंधार पडल्यावर लेकरू एकटे बाहेर जाऊ देऊ नका. बिबट्या दिसला तर त्याच्यामागे धावू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

दिवाळीत घर झाडता, तेव्हा दिव्याची खुंटी थंडीसाठी कमी करा. होळी पेटली की उन्हाळ्यासाठी वाढवा. वर्षातून दोनदा पाच मिनिटे दिलीत, तर दिवा हवा तेव्हाच लागेल.