छोटं कॅबिनेट निवडताना

अहमदपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे छोटा कॉम्प्युटर जोडताना कॅबिनेटच्या देखणेपणाआधी त्याची जाळी बघा. अशा कॉम्प्युटरात बसणारा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड १७० मिलिमीटर लांब-रुंद असतो. 'व्हिया' कंपनीने तो २००१मध्ये आणला. त्याच्या छोट्या कॅबिनेटमध्ये बहुधा नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, मावत नाही. १२५ मिलिमीटर रुंद एसएफएक्स लागतो.

एसएमपीएसची क्षमता ठरवताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचे वॅट मिळवा, वर निदान तिसरा हिस्सा जादा धरा. ८५ टक्के कार्यक्षम एसएमपीएस २०० वॅट पुरवताना सुमारे ३५ वॅटची उष्णता करतो. आतली हवा तापली की त्याची ताकदही घटते. ग्राफिक्स कार्डाची लांबी, कूलरची उंची आधी मोजा. धुळीची जाळी काढून धुता यावी. आणि अर्थिंग तपासल्याशिवाय बटण दाबू नका.