गोठ : उन्हाळ्यातील अंगणातला स्वयंपाक

जयपूरच्या सिविल लाइंस भागात राज्यपालांचे व मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान आहे. तेथील बंगल्यांभोवती अंगणे आहेत. पण मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, दिवसभर लू वाहते आणि सूर्य मावळल्यावरच बाहेर बसण्याजोगी हवा होते. अशा संध्याकाळी आप्तमंडळी जमली, तर अंगणातच शिजवून त्यांना काय वाढावे?

जयपूरकरांचे उत्तर ठरलेले आहे : दाल, बाटी आणि चूरमा. अशा वनभोजनास तिकडे ‘गोठ’ म्हणतात. तिचा आवडता हंगाम पावसाळ्याचा असला, तरी तिची रीत उन्हाळ्यातही उपयोगी पडते. विदर्भातील रोडगे किंवा खानदेशातील बट्टी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना बाटी परकी वाटणार नाही.

उन्हाळ्यात अन्न फार लवकर नासते, हे गृहिणीने प्रथम ध्यानी घ्यावे. हवा बत्तीस अंशांहून अधिक तापलेली असता शिजलेले ओले अन्न तासाभरापेक्षा जास्त वेळ उघड्यावर ठेवू नये. सकाळी केलेला भात, उकडलेले बटाटे किंवा पनीर तसेच बाहेर ठेवून रात्री वाढले, तर मुलांना जुलाब-वांत्या होण्याची भीती असते. गोठीत पीठ, डाळी व मसाले कोरडेच न्यायचे असतात, आणि निखाऱ्यावरून उतरलेले अन्न थेट पानात पडते. हेच तिचे शहाणपण.

सहा माणसांसाठी अर्धा किलो जाडसर कणीक घ्यावी. तीत मीठ, ओवा व सुमारे सव्वाशे ग्रॅम तूप चोळून, बेताचे पाणी घालून घट्ट भिजवावी. अर्ध्या तासाने बारा-चौदा गोळे करावेत. गोवऱ्यांचा धूर सरून निखारे झाले, की ते गोळे उलटसुलट करीत भाजावेत. पंचवीस-तीस मिनिटांत बाटीला तडे जातात. मग राख झटकून ती तुपात बुडवावी. तूर, मूग, मसूर, हरभरा व उडीद या पाच डाळी प्रत्येकी पन्नास ग्रॅम घेऊन शेजारच्या चुलीवर शिजवाव्यात. दोन-तीन बाट्या कुस्करून तूप व पिठीसाखर मिसळली, की चूरमा तयार. सोबत कैरीची लौंजी द्यावी. ताक मात्र वाढण्याच्या वेळेपर्यंत बर्फात ठेवावे.

विस्तवाची काळजी तितकीच महत्त्वाची. या दिवसांत संध्याकाळी अचानक धुळीची आंधी उठते, आणि एक ठिणगीही वाळल्या गवतास पुरते. म्हणून मोकळी माती पाहून चूल मांडावी, पाण्याची बादली व वाळू जवळ ठेवावी, आणि वारा वाढल्यास विस्तव लगेच विझवावा. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत कधीही नेऊ नये. तिचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही.

या स्वयंपाकाचा भार एकट्या गृहिणीवर टाकू नये. पुरुषांनी विस्तव सांभाळावा, मुलांनी गोळे वळावेत. जेवणे आटोपल्यावर राखेवर पाणी ओतून, ती पुरती थंड झाल्याची खात्री करूनच सर्वांनी अंगण सोडावे.